दुसऱ्या दारावर जुने गुण

अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रवेशपद्धतीविषयी गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्याचा रोख जवळजवळ पूर्णपणे शाळेतून थेट महाविद्यालयात जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींवर आहे. 'सॅट' आणि 'एसीटी' या देशव्यापी कसोट्यांचे गुण त्यांच्याकडून मागावेत की मागू नयेत, या प्रश्नावर विद्यापीठांच्या अध्यक्षांनी निवेदने काढली, न्यायालयांत दावे दाखल झाले आणि अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीचे ढीग उपसले. या गदारोळात एक मोठा वर्ग मात्र नजरेआड राहिला. एका महाविद्यालयात वर्ष-दोन वर्षे शिकून दुसऱ्या महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा वर्ग होय. अशा प्रवेशाला तिकडे 'ट्रान्सफर' म्हणतात. अलीकडच्या वर्षांत प्रत्येक शरद सत्रात दहा लाखांहून अधिक विद्यार्थी या मार्गाने नव्या संस्थेत दाखल होतात. शिक्षण अर्धवट सोडून पुन्हा परतलेलेही त्यांत असतात.

या विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न अगदी साधा आहे. ज्याने महाविद्यालयाच्या वर्गात बसून दोन वर्षे अभ्यास केला, निबंध लिहिले, प्रयोगशाळेत काम केले आणि परीक्षा दिल्या, त्याची पारख त्याने सतराव्या वर्षी एका शनिवारी दिलेल्या काही तासांच्या कसोटीवरून करावी काय? काही विद्यापीठे करतात, काही करत नाहीत आणि काही अर्धवट करतात. या तिन्हींमागचा विचार तपासून पाहिला तर परीक्षा, गुण आणि संधी यांच्या परस्परसंबंधाविषयी बरेच काही हाती लागते.

कसोटी कशासाठी?

मुळात ही कसोटी का निर्माण झाली, हे पाहणे आवश्यक आहे. निरनिराळ्या महाविद्यालयांच्या निरनिराळ्या प्रवेशपरीक्षांतून सुटका व्हावी म्हणून १९०० साली 'कॉलेज बोर्ड' ही संस्था स्थापन झाली. तिने 'सॅट' ही परीक्षा प्रथम जून १९२६ मध्ये घेतली. त्या वेळी सुमारे आठ हजार विद्यार्थी तिला बसले होते. परीक्षेचे शिल्पकार प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम हे होते. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धिमत्ता मोजण्यासाठी वापरलेल्या चाचण्यांच्या आधारे त्यांनी १९२३ साली वंशावंशांत उच्चनीचता ठरवणारे पुस्तक लिहिले आणि १९३० मध्ये त्यातील निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. कसोटीच्या जन्माला हा डाग चिकटलेला आहे, हे विसरता येत नाही.

पण कसोटीची दुसरी परंपराही आहे आणि ती सुधारणावादी आहे. १९३३ साली हार्वर्डच्या अध्यक्षपदी आलेल्या जेम्स कॉनंट यांना पूर्व किनाऱ्यावरच्या श्रीमंत निवासी शाळांबाहेरची बुद्धिमान मुले शोधायची होती. दूरच्या राज्यातील एखाद्या गावच्या शाळेची गुणपत्रिका हार्वर्डला काय सांगणार? शाळा अनोळखी, शिक्षक अनोळखी, गुण देण्याची रीतही अनोळखी. सर्वांना एकाच मापाने मोजणारी पट्टी असली, तर त्या गावातला हुशार मुलगाही ओळखता येईल, असा हा विचार होता. १९४७ मध्ये परीक्षा घेणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९५९ मध्ये आयोवा राज्यातून 'एसीटी' ही स्पर्धक कसोटी निघाली. 'सॅट'मधील मधले अक्षर पूर्वी 'अंगभूत क्षमता' या अर्थाच्या शब्दाचे होते. १९९० च्या दशकात तो शब्द गळाला आणि आज ही तीन अक्षरे कशाचीच आद्याक्षरे नाहीत. परीक्षा नेमके काय मोजते, याबद्दल तिच्या चालकांनाही किती वेळा भूमिका बदलावी लागली, हे यावरून दिसते.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. ही कसोटी प्रामाण्याचा आधार म्हणून जे पुढे करते, तो तिचा आणि महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या कामगिरीचा संबंध होय. कसोटीत जास्त गुण मिळवणारे विद्यार्थी पहिल्या वर्षी सरासरीने अधिक चांगली श्रेणी मिळवतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी ती उपयोगी, असा तिचा दावा आहे. थोडक्यात, कसोटी हे एक भाकीत आहे.

भाकीत आणि प्रत्यक्ष

महाविद्यालय बदलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सारा घोटाळा येथेच होतो. ज्या गोष्टीचे भाकीत करण्यासाठी कसोटी घेतली, ती गोष्ट त्याच्या बाबतीत घडून गेलेली असते. जून महिन्यात हवामान खात्याचा अंदाज शेतकऱ्याला मोलाचा वाटतो, कारण त्या वेळी त्याच्या हाती दुसरे काहीच नसते. पण सप्टेंबर संपल्यावर पीक किती येईल हे ठरवायचे असेल, तर कोणीही शहाणा माणूस जूनचा अंदाज काढून बसत नाही. तो तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद पाहतो आणि शेतावर जाऊन उभे पीक पाहतो. अंदाज खोटा ठरला असेच काही नसते. त्याचे काम संपलेले असते, इतकेच.

अर्थशास्त्राच्या भाषेत हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडता येते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली श्रमबाजारातील 'संकेतां'विषयी शोधनिबंध लिहिला. या विषयातील कार्याबद्दल २००१ मध्ये त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणेवर विसंबतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. खूण मोलाची ठरते ती माहिती तुटपुंजी असते म्हणून. प्रत्यक्ष कामाची माहिती जसजशी उपलब्ध होते, तसतसे खुणेचे सीमांत मूल्य घटत जाते. दहा वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला बढती देताना त्याची भरतीच्या वेळची टंकलेखनाची गती कोणी विचारत नाही. महाविद्यालयात साठ श्रेयांक, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अभ्यास, पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याची अवस्था याहून वेगळी नाही.

यात न्यायाचाही मुद्दा आहे. महाविद्यालय बदलणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग 'कम्युनिटी कॉलेजां'तून येतो. इलिनॉय राज्यात १९०१ साली जोलिएट येथे अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाची सुरुवात झाली. ही महाविद्यालये स्वस्त असतात, घराजवळ असतात आणि प्रवेश सर्वांना खुला असतो. कॉलेज बोर्डाच्याच २०२३-२४ च्या आकड्यांप्रमाणे तेथील सरासरी वार्षिक शुल्क सुमारे चार हजार डॉलर होते. राज्यातील रहिवाशांना चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात ते अकरा हजारांवर, तर खासगी विद्यापीठात एकेचाळीस हजारांवर जात होते. साहजिकच नोकरी करून शिकणारे, संसार सांभाळणारे, सैन्यातून परतलेले, घरातले पहिलेच महाविद्यालयात जाणारे असे अनेक जण या दारातून आत येतात. त्यांतल्या कित्येकांनी शाळेत असताना कसोटी दिलेलीच नसते, आणि अनेकांनी दिली असली तरी त्यातले कमी गुण हेच त्यांच्या या मार्गाला येण्याचे एक कारण असते. दोन वर्षे कष्ट करून त्यांनी चांगली श्रेणी मिळवायची आणि मग दुसऱ्या दारावर पुन्हा तेच जुने गुण काढून दाखवायचे, याला दुसरी संधी म्हणता येणार नाही. ती एकाच चुकीची दुसऱ्यांदा केलेली वसुली होय.

दुसऱ्या बाजूचे बळ

तथापि, कसोटीच्या समर्थकांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत परीक्षाकेंद्रे बंद पडली, तेव्हा बहुसंख्य विद्यापीठांनी कसोटी ऐच्छिक केली. पुढे मात्र काहींनी पाऊल मागे घेतले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एमआयटीने, मार्च २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये कसोटी पुन्हा आवश्यक केली. डार्टमथमधील प्राध्यापकांच्या अभ्यासातून एक बोलका निष्कर्ष निघाला. गुण कळवणे ऐच्छिक असताना वंचित परिस्थितीतील काही विद्यार्थी आपले गुण कमी समजून लपवत होते. वस्तुतः त्यांच्या शाळांची परिस्थिती लक्षात घेता तेच गुण त्यांना प्रवेश मिळवून देण्यास उपयोगी पडले असते. गरिबाच्या हितासाठी काढलेली सवलत अशा प्रकारे गरिबावरच उलटू शकते.

महाविद्यालय बदलणाऱ्यांनाही हा युक्तिवाद लागू करता येतो आणि एमआयटीसारखी संस्था तो लागू करतेही. तेथे नव्या प्रवेशार्थींप्रमाणेच बाहेरून बदलून येणाऱ्यांनाही कसोटीचे गुण द्यावे लागतात. युक्तिवाद असा की, महाविद्यालयांची संख्या हजारोंनी आहे आणि त्यांच्या श्रेणी देण्याच्या रीती सारख्या नाहीत. एका महाविद्यालयातील 'ए' श्रेणी दुसरीकडच्या 'बी'च्या तोलाची असू शकते. कॉनंट यांच्या काळात जी अडचण अनोळखी शाळेची होती, तीच आज अनोळखी महाविद्यालयाची आहे. सामाईक पट्टी काढून घेतली तर निवड करणारा अधिकारी शेवटी प्रसिद्ध नावाकडे झुकेल आणि लहान गावातल्या महाविद्यालयाचा हुशार विद्यार्थी मागे पडेल.

ही भीती खरी आहे. प्रश्न एवढाच उरतो की, महाविद्यालयांच्या श्रेणींची तुलना करण्यासाठी सतराव्या वर्षीची कसोटी हे योग्य साधन आहे काय? ती विद्यार्थ्याविषयी काही सांगेल; पण त्याने ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र किंवा गणित घेतले, त्या अभ्यासक्रमाच्या दर्जाविषयी एक अक्षरही सांगणार नाही. आणि नव्या विद्यापीठाला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवण्यासाठी हवी असते ती नेमकी हीच माहिती.

दोन राज्यांचा अनुभव

तुलनेचा हा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवता येतो, हे दोन मोठ्या राज्यांनी दाखवून दिले आहे. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची बृहद्योजना स्वीकारली. शाळा सोडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एकतृतीयांशांना स्टेट विद्यापीठे आणि उरलेल्या सर्वांना कम्युनिटी कॉलेजे, अशी तिची रचना होती. वरवर पाहता ही उतरंडच होती. पण या उतरंडीला एक जिना जोडलेला होता. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे नीट शिकलेल्याला विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जागा मिळावी, अशी तरतूद योजनेतच केलेली होती.

आज या जिन्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बदलून येणाऱ्याने साठ श्रेयांक पूर्ण केलेले असावेत, त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि इतर विषयांचे चार अभ्यासक्रम असावेत आणि राज्यातील रहिवाशाची सरासरी श्रेणी चारपैकी किमान २.४ असावी. ही किमान पात्रता झाली. नामांकित शाखांसाठी प्रत्यक्ष स्पर्धा बरीच वरच्या पातळीवर होते. कोणत्या कम्युनिटी कॉलेजातील कोणता अभ्यासक्रम विद्यापीठातील कोणत्या अभ्यासक्रमाच्या तोलाचा, याची यादी जाहीर असते आणि विद्यार्थी ती पहिल्या दिवसापासून पाहू शकतो. सहा विद्यापीठ-केंद्रे तर ठराविक अटी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. मे २०२० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने 'सॅट' टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव २३ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. पण कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षात येणाऱ्यांच्या दाराशी त्याने फारसा फरक पडला नाही, कारण तेथील निर्णय आधीपासूनच महाविद्यालयातील अभ्यासक्रम आणि श्रेणी यांवर होत असे.

फ्लोरिडाने दोन्ही गोष्टींची सांगड घातली आहे. हे राज्य नव्या प्रवेशासाठी कसोटीचा आग्रह सोडत नाही; साथीच्या काळातही त्याने तो सोडला नाही. मात्र राज्यातील महाविद्यालयातून दोन वर्षांची 'असोसिएट इन आर्ट्स' पदवी घेतलेल्यास राज्याच्या विद्यापीठ-व्यवस्थेत प्रवेशाची हमी आहे, आणि सर्व सरकारी संस्थांतील अभ्यासक्रमांना समान क्रमांक दिलेले आहेत. ज्याचे साठ श्रेयांक पूर्ण झालेले नाहीत, त्याला मात्र नव्या विद्यार्थ्याच्या अटी लागू होतात आणि त्यांत कसोटीचे गुणही येतात. या नियमात शहाणपण आहे. ज्याने महाविद्यालयात जेमतेम एक सत्र काढले, त्याच्याविषयी प्रत्यक्ष पुरावा थोडा असतो, म्हणून भाकिताला काही अर्थ उरतो. पुरावा वाढला की भाकिताने बाजूला व्हावे. साठ हा आकडा नेमका बरोबर आहे की तीसच पुरेसे आहेत, याबद्दल मतभेद होऊ शकतील. तत्त्वाबद्दल होऊ नयेत.

खरी गळती

कसोटीच्या गुणांवर इतकी शाई खर्च होत असताना विद्यार्थ्याचे खरे नुकसान दुसरीकडेच होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या संस्थेत वाया गेले. या हिशेबाने साठ श्रेयांक घेऊन निघालेल्याचे जवळजवळ सव्वीस श्रेयांक वाटेतच बुडतात. वर्षाला तीस श्रेयांक धरले तर हे जवळपास एका वर्षाचे शिक्षण झाले. त्यासाठी भरलेले शुल्क तर गेलेच; शिवाय त्या वर्षात मिळू शकले असते ते वेतनही गेले. अर्थशास्त्रात ज्याला संधि-खर्च म्हणतात, तो येथे गरिबाच्या खिशातून जातो.

परिणाम समोर आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या नोंदींनुसार कम्युनिटी कॉलेजात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेपर्यंत पोहोचतात आणि त्यांतले निम्मे पदवी मिळवतात. म्हणजे शंभरांपैकी सोळाच्या आसपास विद्यार्थी सहा वर्षांत पदवीधर होतात. दुसरीकडे नामांकित संस्थांची दारे किती किलकिली असतात, याचे उदाहरण प्रिन्स्टनचे आहे. जवळजवळ तीन दशके बंद ठेवलेला हा मार्ग त्या विद्यापीठाने २०१८ मध्ये पुन्हा खुला केला, तेव्हा १,४२९ अर्जदारांतून तेराजणांना प्रवेश देऊ केला. जागाच इतक्या थोड्या असतील, तर कसोटी ठेवली काय आणि काढली काय, गाळणीची भोके तेवढीच राहतात. कसोटी रद्द केल्याची घोषणा करून न्याय केल्याचे समाधान मिळवणे सोपे आहे. दुसऱ्या संस्थेच्या शिक्षकाने दिलेले श्रेयांक आपल्या शिक्षकाने दिलेल्या श्रेयांकांइतकेच खरे मानणे कठीण आहे, कारण त्यासाठी आपल्या श्रेष्ठत्वाची भावना थोडी बाजूला ठेवावी लागते आणि शुल्काच्या उत्पन्नावरही पाणी सोडावे लागते.

आपल्याला घेण्यासारखे

हा वाद दूरदेशीचा असला, तरी महाराष्ट्राला तो अगदी परका नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी आपल्याकडे अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जातो. त्याची गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. बारावीच्या मुलांसाठी असलेली सामाईक प्रवेशपरीक्षा त्याला द्यावी लागत नाही. प्रत्यक्ष अभ्यास हाच पुरावा, हे तत्त्व आपण येथे कधीच मान्य केलेले आहे. याउलट नोकरीच्या बाजारात दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी साठ टक्क्यांची अट घालणाऱ्या कंपन्या जुन्या गुणांचे ओझे उमेदवाराच्या पाठीवरून उतरू देत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याची मोकळीक देण्याचे ठरवले आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक साठवण्याच्या बँकेचे नियम केले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी सामाईक परीक्षाही सुरू झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की मधल्या टप्प्यावर येणाऱ्यांकडूनही त्याच परीक्षेचे गुण मागावेत, अशी सूचना आज ना उद्या पुढे येणारच. प्रशासनाला ती सोयीची वाटेल. एक आकडा मागितला की कोणाशी बोलावे लागत नाही. तसा मोह झाला, तर अमेरिकेचा अनुभव डोळ्यांपुढे असावा. बँकेत श्रेयांक जमा करून भागत नाही, दुसऱ्या शाखेत ते वटले पाहिजेत. त्यासाठी अभ्यासक्रमांची तुलना करणाऱ्या जाहीर याद्या लागतात, विद्यापीठांतील करार लागतात आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या गुणदानावर शहरातील प्राध्यापकाने विश्वास ठेवावा लागतो.

परीक्षा ही दोन अनोळखी माणसांमधली पहिली ओळख असते. अनोळखी मुलाला दारात उभे करून दोन प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. पण ज्याने दोन वर्षे काम करून दाखवले, त्याला प्रश्न विचारायचेच असतील तर ते त्या कामाविषयी विचारावेत. सतराव्या वर्षी माणसाच्या कपाळावर लिहिलेला आकडा तेविसाव्या वर्षीही वाचत बसणारी शिक्षणव्यवस्था दुसऱ्या संधीची भाषा कितीही बोलली, तरी तिचा विश्वास शिक्षणावर नसून निवडीवर आहे, असेच म्हणावे लागेल.